गाडीतला स्वयंपाक: मुक्कामाच्या प्रवासात गरम जेवण जमवायचं कसं

नळदुर्गच्या किल्ल्याबाहेर दुपारी साडेतीन वाजता आम्ही तुरीच्या डाळीची सहावी शिट्टी मोजत होतो. कुकर उघडला, दाणा बोटात दाबला, तर कच्चा. पाणी वाटेतल्या हातपंपाचं होतं, चांगलंच जड. मुलांनी तोवर बिस्किटांचे दोन पुडे संपवले होते आणि सासूबाई उपास धरल्यासारख्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. शेवटी वरणाचा नाद सोडून भात आणि लोणचं खाल्लं. गाडीत दोन शेगड्या होत्या, कुकर होता, अठरा डबे होते. जे चुकलं होतं ते लातुरातून निघायच्या आधीच चुकलं होतं.

आमच्या भाऊजींनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन मागच्या सीटा काढल्या आणि तिथं झोपायची, शिजवायची सोय केली. तेव्हापासून सुट्ट्या लागल्या की ओळखीच्यांचे फोन येतात. कुणी भाड्याची कॅरव्हॅन घेतलेली असते, कुणी बोलेरोच्या डिकीत शेगडी टाकून निघालेलं असतं. प्रश्न एकच: "वहिनी, काय काय न्यावं?" मी उलट विचारते, "जेवणं किती आहेत?" आणि फोनवर शांतता पसरते.

पुढचा सगळा हिशोब सहा माणसं आणि तीन दिवस असा धरलाय. तुमच्या माणसांप्रमाणे कमीजास्त करा, पण टप्प्यांचा क्रम बदलू नका.

## टप्पा १: पदार्थ नंतर, आधी जेवणं मोजा

कागदावर तीन दिवस आखा: सकाळ, दुपार, रात्र. म्हणजे नऊ खाणी. आता जी बाहेर होणार आहेत त्यांवर काट मारा. नांदेडला मुक्काम असेल तर गुरुद्वाऱ्यात लंगर आहे, त्या वेळी शेगडी काढायचं कारणच नाही. तुळजापुरात देवीच्या दर्शनाची रांग किती वेळ घेईल याचा नेम नसतो, तिथं रांगेतून बाहेर येऊन कुणी कांदा चिरत बसणार नाही. पहिल्या दिवसाची दुपार घरून बांधलेल्या डब्यावर निघते. असं करत गेलं की नवातली चार, फार तर पाच खाणी उरतात.

या उरलेल्यांचे दोन भाग करा. एक, फोडणी आणि पाणी एवढ्यावर पंधरा मिनिटांत होणारी. दुसरी, कुकर लावून नीट शिजवायची. दुसऱ्या प्रकारचं जेवण दिवसाला एकच ठेवा, तेही रात्री. दुपारी उन्हात कुकर लावायला जाऊ नका. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि पत्र्याच्या गाडीत शेगडी पेटवली की स्वयंपाक करणाराच आधी शिजतो.

बघण्याच्या जागांच्या वेळाही याच कागदावर लिहा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढे तिथल्या बसने जावं लागतं, म्हणजे गाडी तीन-चार तास बंद आणि उन्हात. त्या सकाळी शिजवलेला भात किंवा दही गाडीत ठेवून गेलात तर परत आल्यावर ते टाकायचंच आहे असं समजा.

तपासा: मोजलेल्या जेवणांपेक्षा एक जेवण जास्तीचं, पूर्ण कोरडं, गाडीत असलं पाहिजे. पंक्चर काही वेळ विचारून होत नाही.

## टप्पा २: शेगडी आणि सिलिंडरची जागा

इथं हौस बाजूला ठेवा. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत घालू नका. दुकानात मिळणारा ५ किलोचा छोटा सिलिंडर सहा माणसांना आठवडाभर सहज पुरतो. तो उभा ठेवायचा, पट्ट्याने दोन ठिकाणी बांधायचा आणि चालत्या गाडीत त्याची कळ बंद हवी. आडवा सिलिंडर वापरायचा नसतो, कारण मग वायूच्या जागी पातळ गॅस नळीत येतो.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता गाडीच्या तळाशी साचून राहतो. म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दरवाजे सताड उघडे लागतात. नळी आयएसआय शिक्क्याची सुरक्षा नळी घ्या आणि पाच वर्षं झाली की बदला. निघायच्या आदल्या दिवशी साबणाचं पाणी करून सिलिंडर आणि शेगडी दोन्हींकडच्या जोडांवर लावा. बुडबुडे आले की गळती आहे. हे काडी पेटवून बघणारे शूर लोक मी पाहिलेत. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

शेगडी शक्यतो गाडीबाहेर, मागच्या दाराच्या आडोशाला मांडा. आत मांडायचीच असेल तर पडदे बांधून ठेवा आणि समोरासमोरचे दोन दरवाजे उघडा.

सावध: थंडीत ऊब म्हणून बंद गाडीत शेगडी किंवा कोळशाची शेकोटी ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही. चालत्या गाडीत चहासुद्धा नको.

भाड्याच्या कॅरव्हॅनमध्ये इंडक्शन असतं. मालक म्हणतो, "बॅटरी आहे, बिनधास्त वापरा." हिशोब करा: १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-अवर. इंडक्शन १५०० वॅटवर चाललं तर पूर्ण भरलेली बॅटरी पाऊण तासात तळाला जाते. साधी शिशाची बॅटरी असेल तर त्यातली निम्मीच वापरावी. म्हणजे एक खिचडी आणि एक चहा, मग पंख्याला काही उरत नाही. इंडक्शन फक्त जिथं वीज जोडता येते अशा मुक्कामी वापरा.

भांडी सांगते, यात भर घालू नका: पाच लिटरचा कुकर, एक झाकणाचं जर्मनचं भगुणं, एक कढई, लोखंडी तवा, काटवट किंवा परात, सांडशी, उलथणं, वगराळं, चाकू, दोन वाट्या. माणशी एक ताट आणि एक पेला, ज्याचं त्याने धुवायचं. काचेच्या बरण्या घरीच राहू द्या.

## टप्पा ३: घरची तयारी, खरा स्वयंपाक इथंच

निघायच्या तीन दिवस आधी सुरुवात करा. आदल्या रात्री नाही. आदल्या रात्री फक्त दशम्या आणि धपाटे.

खिचडीची पुडी. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ घरीच धुवा, निथळून सुती कापडावर सावलीत पसरा आणि हाताला अजिबात ओल लागेनाशी झाली की कोरडंच हलकं भाजा. गार झाल्यावर हळद, मीठ, थोडं तिखट, जिरं घालून पिशवीत बांधा. पिशवीवर लिहा: पाणी साडेचार वाट्या. गाडीत तांदूळ धुवायला जे पाणी जातं ते सगळं वाचतं आणि मापाचा गोंधळ होत नाही. अशी एक पुडी तिघांना पुरते, सहा जणांना दोन. चूक होते ती वाळवण्यात. किंचित ओल राहिली की पुडीला दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो. शंका आली तर आणखी अर्धा दिवस वाळू द्या.

येसर. आपल्याकडच्या घरांत हे असतंच, पण प्रवासाला न्यायचं कुणाला सुचत नाही. भाजलेलं धान्य आणि डाळ मसाल्यांसोबत दळलेली असते, त्यामुळे आमटीला वेगळी डाळ शिजवावी लागत नाही. नळदुर्गला माझ्याकडे येसरचा डबा असता तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. सहा जणांना सहा मोठे चमचे येसर आणि सात-आठ वाट्या पाणी. दोनशे ग्रॅमचा डबा पुरे.

पिठल्याचं बेसन. नुसतं बेसन नेलं तर चालतंच, पण कोरडं पाच मिनिटं मंद भाजून नेलं तर कच्चट वास लवकर जातो आणि गॅस कमी लागतो. भाजलेल्या बेसनाला एका वाटीला तीन वाट्या पाणी.

कडक भाकरी. हा आमच्या गाडीचा कणा. ज्वारीची पातळ भाकरी तव्यावर भाजून मग मंद आचेवर पापडासारखी कडक करतात. घरी जमत नसेल तर विकत मिळते. कोरड्या डब्यात आठवडाभर काही होत नाही. गाडीत रोज ताज्या भाकरी थापीन म्हणणाऱ्यांनी पहिल्या फेरीला तरी ही जवळ ठेवावी.

चटण्या. शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची. दोन पुरे. तिन्ही कोरड्या आहेत, टिकतात. प्रत्येक डब्यात स्वतःचा कोरडा चमचा. ओला चमचा गेला की दुसऱ्या दिवशी चटणीला गाठी धरतात. हिरव्या मिरचीचा ठेचा ओला असतो, तो पहिल्या दिवशी संपवा. नंतर तिखटाची हुक्की आली तर भुरका करा: तेल तापवून ठेचलेला लसूण लाल करायचा, गॅस बंद करून तिखट, मीठ आणि दाण्याचा जाडसर कूट घालायचा. दोन मिनिटांचं काम. गॅस चालू ठेवून तिखट घातलंत तर सगळी गाडी खोकत बाहेर येईल.

सावध: सोय म्हणून लसूण सोलून तेलात बुडवून डबा भरून नेऊ नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि गाडीतल्या उष्णतेत तिथं घातक जंतू वाढू शकतात. वासावरून किंवा चवीवरून ते ओळखूही येत नाही. अख्खे गड्डे न्या, लागतील तसे सोला.

दशमी आणि धपाटे. दशमीचं पीठ दुधात मळायचं, पाण्याचा थेंब नको. धपाट्यात घरी आपण कांदा, काकडी, मेथी काय काय घालतो, प्रवासाच्या धपाट्यात यातलं काहीच नको. लसूण, तिखट, तीळ, ओवा एवढंच. भाजल्यावर एकावर एक गरम रचून डबा लावला की आत घाम धरतो आणि संध्याकाळी बुरशीसारखा वास. पूर्ण गार होऊ द्या, मगच सुती कापडात गुंडाळून दुरडीत किंवा डब्यात ठेवा. उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवा, थंडीत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

सुशीलेची (फोडणीच्या चुरमुऱ्यांची) तयारी. चुरमुरे, शेंगदाण्याचा कूट, डाळव्याचं पीठ एका पिशवीत. फोडणीचं सामान (मोहरी, जिरं, हळद, हिंग) एकाच छोट्या डब्यात मिसळून ठेवलं तरी चालतं. पोळ्यांचे ढीग, पनीर, नारळाचं वाटण, आदल्या रात्री चिरलेला कांदा यांना गाडीत चढू देऊ नका.

## टप्पा ४: पाणी

इथं सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर.

उन्हाळ्यात पिण्याला माणशी तीन ते चार लिटर, स्वयंपाकाला सगळ्यांचं मिळून सहा-सात लिटर, भांड्यांना तेवढंच. सहा जणांना दिवसाला पस्तीस लिटरच्या आसपास. वीस लिटरचे दोन जार घ्या, तोटी लावलेले, आणि रोज भरून घ्या. हात धुण्याचा आणि भांड्यांचा कॅन वेगळा. एकाच जारमधून सगळं करायला गेलात की पोरं पायसुद्धा त्यातूनच धुतात.

आपल्या भागातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे डाळीचं साल आणि दाणा मऊ पडत नाही, शिट्ट्या कितीही करा. त्यावर उपाय असे. तूरडाळ, हरभरा डाळ, चवळी शिजवायची असेल तर जारचं गोडं पाणीच वापरा. डाळ अर्धा तास तरी भिजवा. चिंच, टोमॅटो, आमसूल डाळ शिजल्यावर घाला, आंबट आधी पडलं की डाळ तशीच अडून बसते. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर लवकर शिजते, पण चिमूट म्हणजे चिमूटच. जास्त झाला की साबणासारखी चव येते. आणि सगळ्यात सोपं म्हणजे प्रवासात तूरडाळ नेऊच नका. मूग आणि मसूर न्या.

तपासा: नव्या ठिकाणचं पाणी भरण्याआधी वाटीत घेऊन चाखा. मचूळ लागलं तर ते भांड्यांच्या कॅनमध्ये.

## टप्पा ५: गाडी भरण्याचा क्रम

शेवटी लागणारं आधी भरा. तिसऱ्या दिवसाची पिशवी सर्वांत आत, पहिल्या दिवसाची दारापाशी. सामान पदार्थांप्रमाणे न लावता जेवणाप्रमाणे लावा: "दुसरा दिवस, रात्र" अशी एक पिशवी, तिच्यात खिचडीच्या दोन पुड्या, दोन कांदे, चार बटाटे, पापड. मग अंधारात टॉर्च धरून डब्यांची झाकणं उघडावी लागत नाहीत. तेल, मीठ, फोडणी, चहा-साखर, लायटर आणि काडेपेटी एका वेगळ्या छोट्या पेटीत. लायटर बिघडतो, काडेपेटी ओली होते, म्हणून दोन्ही.

भाजीचाही क्रम ठरवा. पालक, मेथी, कोथिंबीर पहिल्या दिवशी. वांगी, दोडका, गवार दुसऱ्या दिवशी. बटाटा, कांदा, कोबी, रताळी शेवटी. सांडगे आणि मूगवड्या कधीही, आणि त्यांचा रस्सा प्रवासात घरच्यापेक्षा चांगला लागतो, का ते मला कळलेलं नाही.

बर्फाच्या पेटीत सुटा बर्फ न टाकता पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या गोठवून ठेवा. वितळल्या की ते पाणी पिता येतं आणि पेटीत चिखल होत नाही. पिण्याच्या थंड बाटल्यांसाठी दुसरी पेटी ठेवा. दुधा-दह्याची पेटी पोरांनी दर दहा मिनिटांनी उघडली तर दुपारपर्यंत ती साधी पेटी झालेली असते. चहाला टेट्रा पॅकमधलं दूध न्या, फोडेपर्यंत त्याला थंड जागा लागत नाही. फोडलं की त्या वेळीच संपवा.

## टप्पा ६: थांबायची जागा

अंधार पडायच्या तासभर आधी जागा धरा. सपाट जमीन, वाऱ्याला गाडीचा आडोसा, खाली वाळलेलं गवत नाही. उसाच्या पट्ट्यात तोडणी झालेल्या रानात पाचट पसरलेलं असतं, त्याच्याजवळ शेगडी अजिबात नको, ठिणगी पुरते. पेट्रोल पंपाच्या आवारात मुक्काम करता येतो, स्वयंपाक नाही. अभयारण्यात विस्तव पेटवायचा नाही. आणि बाभळीची सावली कितीही गार वाटली तरी गाडी तिच्याखाली घालू नका. आमचे दोन टायर एकाच दुपारी गेलेत.

शेताच्या कडेला थांबायचं तर विचारून थांबा. "दादा, तासभर थांबून जेवण करावं म्हणतो, चालंल का?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, "थांबा की, पाणी पायजे का?" न विचारता थांबलात तर तेच दादा काठी घेऊन येतात, आणि त्यांचं चूक नसतं.

## टप्पा ७: एका शेगडीवर जेवण, क्रमाने

दोन शेगड्या असल्या तरी एकीचाच हिशोब धरा, दुसरी वाऱ्याने विझते.

सकाळ, सुशीला. आधी कांदा-मिरची चिरून फोडणी तयार करा, गॅस बंद. मग चुरमुरे. भिजत घालायचे नाहीत. चाळणीत एक ओंजळ घ्या, पाण्यात बुडवून लगेच वर काढा, दाबून पाणी काढा, कढईत टाका, मग दुसरी ओंजळ. सगळे चुरमुरे एकदम पातेल्यात ओतणाऱ्याच्या हाती लगदा येतो. कूट आणि डाळव्याचं पीठ वरून भुरभुरवा, परत गॅस लावून दोन मिनिटं परता. गरमच खा.

दुपार. शेगडी बंद. कडक भाकरी, चटणी, फोडलेला कांदा, काकडी, ताक. पहिल्या दिवशी दही घरचं, नंतर वाटेत मिळेल ते ताजं.

रात्र, खिचडी. कुकरमध्ये तेल, फोडणी, कांदा, बटाट्याच्या फोडी, मग पाणी. पाण्याला उकळी आली की दोन्ही पुड्या सोडा. कुकर निम्म्याच्या वर भरू देऊ नका, डाळ-तांदूळ फुगून शिट्टीच्या नळीत जातात. दोन पुड्यांना पाच लिटरचा कुकर लागतो तो यासाठीच. एक शिट्टी, मग बारीक आचेवर पाच मिनिटं, मग बंद. कुकर खाली उतरवून जाड टॉवेल गुंडाळा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. आतल्या वाफेवर ती पूर्ण होते. रिकाम्या शेगडीवर तेवढ्यात पापड भाजा.

सावध: कुकरमध्ये वाफ असताना गाडी हलवायची नाही. "तू चालव, वाटेत वाफ जाईल" हे वाक्य आमच्याकडे एकदा बोललं गेलं. छतावरचे हळदीचे डाग अजून तसेच आहेत.

रात्र, येसर आमटी. येसर आधी थंड पाण्यात कालवून घ्या, गुठळी राहता कामा नये. कढईत तेल, मोहरी, भरपूर ठेचलेला लसूण. उरलेलं पाणी ओता, मीठ घाला, खळखळून उकळी आली की कालवलेलं येसर धारेने सोडा आणि ढवळत राहा. उकळत्या पाण्यात कोरडं येसर टाकलं की वरून शिजलेल्या आणि आतून कोरड्या गोळ्या होतात, त्या फोडता फुटत नाहीत. आठ-दहा मिनिटं उकळू द्या. आधी पातळ दिसते म्हणून लोक येसर वाढवतात आणि ताटात येईपर्यंत पिठलं होतं. पातळच राहू द्या. ताटात कडक भाकरी चुरायची, वरून आमटी, थोडं कच्चं तेल. शेगडी पेटवल्यापासून वाढेपर्यंत वीस मिनिटं.

ताजी भाकरी करायचीच असेल तर. पीठ आठवड्याच्या आत दळलेलं हवं. जुन्या पिठाची विरी जाते, चिकटपणा राहत नाही आणि भाकरी थापतानाच कडेने फाटते. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा मुळात नसतोच, म्हणून प्रवासात मी नेहमी उकळतं पाणी घालते, त्याने पिठाला थोडा चिकटपणा येतो. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा आणि तळहाताने रेटून रेटून मळा. थापून तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. लगेच वरून पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलं नाही, तेव्हाच उलटा. तो क्षण चुकला की तडे जातात. दुसरी बाजू भाजली की थेट आचेवर फुगवा. वारा असेल तर तवा एका बाजूने गार राहतो, म्हणून शेगडीला तीन बाजूंनी पत्रा किंवा डब्यांची झाकणं लावा. आमटी आधी करून झाकून ठेवायची, भाकरी शेवटी. उलट केलंत तर भाकरी गार आणि आमटीला उशीर.

सहा जणांना बारा भाकरी म्हणजे एका शेगडीवर पाऊण तास. तेवढा उत्साह तिसऱ्या दिवशी उरत नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

## टप्पा ८: उरलेलं आणि भांडी

शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, कडक उन्हाळ्यात तासभरच. भात आणि खिचडी यांत तर मुळीच धोका पत्करू नका. तांदळातले काही जंतू शिजवूनही टिकतात, भात कोमट राहिला की वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. "सकाळी फोडणी देऊ" हा विचार घरी फ्रीजमधल्या भाताला ठीक. गाडीत खिचडी उरवायचीच नाही. कमी पडली तर कडक भाकरी आहेच.

उरलेली साधी भाकरी मात्र वाया जात नाही. सकाळी बारीक चुरा, ताकाचा हबका मारा, कांदा-मिरचीच्या फोडणीत परता. सुशीलेचा कंटाळा आलेला असतो, त्या दिवशी हेच पुढे करा.

ताटं आधी कागदाने कोरडी पुसून घ्या, मग धुवा. निम्म्याहून कमी पाणी लागतं. धुतलेलं पाणी झाडाच्या बुंध्याला. विहिरीच्या किंवा बारवेच्या काठावर खरकटं धुवायचं नाही. जुन्या बारवा पायऱ्यांच्या असतात, उतरणं सोपं म्हणून लोक थेट भांडी घेऊन खाली जातात. खरकटं पिशवीत बांधून पुढच्या गावच्या कचराकुंडीपर्यंत न्या. गाडीखाली टाकलंत तर रात्री कुत्री आणि पहाटे मुंग्या.

## नमुना: लातूर–कंधार–नांदेड–माहूर–औंढा, तीन दिवस

पहिला दिवस: सकाळी घरूनच खाऊन निघा. दुपारी कंधारच्या किल्ल्यापाशी दशम्या, धपाटे, ठेचा, दही. रात्री नांदेडला लंगर. शेगडी पेटलीच नाही.

दुसरा दिवस: सकाळी सुशीला आणि चहा. निघताना पाण्याचे दोन्ही जार भरा, कारण माहूरच्या वाटेवर मनासारखं पाणी मिळेलच असं नाही. दुपारी कडक भाकरी, कारळाची चटणी, काकडी. रात्री माहूरला पोचल्यावर खिचडी, पापड. गडावर रेणुकेचं दर्शन दुसऱ्या दिवशी पहाटे ठेवा, म्हणजे रात्रीच्या स्वयंपाकाला घाई होत नाही.

तिसरा दिवस: दर्शनाहून आल्यावर भाजलेल्या बेसनाचं पिठलं आणि उरलेल्या भाकरी, हेच नाश्ता-जेवण एकत्र. दुपारी वाटेत फळं, शेंगदाणे, गूळ. औंढ्याला नागनाथाचं दर्शन उरकून संध्याकाळी तिथंच येसर आमटी आणि कडक भाकरी, मग घर. जास्तीची खिचडीची पुडी न उघडता परत येते. तशी ती परत आली तरच मोजणी बरोबर होती असं मी धरते.

घरी पोचलं की त्याच रात्री सिलिंडर काढून टोपी लावा आणि बर्फाची पेटी उघडी ठेवून वाळवा. पेटी झाकण लावून आठवडाभर विसरलात तर पुढच्या प्रवासाचं ताकही त्याच वासाचं. पहिल्या टप्प्यातला कागद फेकू नका. काय उरलं, काय कमी पडलं ते त्याच्या मागे लिहा आणि तो येसरच्या डब्यात ठेवा.